२५ मीटरसाठी पिस्तूल निवडताना : इंदूरमधील एका नेमबाजाचे प्रकरण

या प्रकरणातील खेळाडू २३ वर्षांची असून इंदूरच्या टिळकनगरात आई-वडील आणि आजी यांच्यासह राहते. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण संपवून ती एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते, आणि सकाळचे दोन तास नेमबाजीला देते. चार वर्षे तिने माझ्याकडे १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव केला. गेल्या हिवाळ्यात तिने २५ मीटर पिस्तूल या प्रकारात उतरायचे ठरवले. या प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते, आणि आमच्याकडच्या मराठी घरांतील बऱ्याच मुलींप्रमाणे हिच्याही मनात हा खेळ तेव्हापासूनच घर करून होता.

सुरुवातीचा सराव उसन्या पिस्तुलावर झाला. इंदूरमध्ये १० मीटरच्या रेंज आता पुष्कळ झाल्या आहेत, पण या प्रकाराचे .२२ (इंच व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल नियमितपणे चालवण्यासाठी आम्हांला शनिवार-रविवार गाठून भोपाळला जावे लागे, म्हणजे जाताना सुमारे १९० किलोमीटर आणि येताना तितकेच. पहिल्या तीन महिन्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रिसिजन या पहिल्या टप्प्याच्या ३० गोळ्यांत, जिथे पाच गोळ्यांसाठी पाच मिनिटे मिळतात, तिचे गुण समाधानकारक होते. रॅपिड या दुसऱ्या टप्प्याच्या ३० गोळ्यांत, जिथे लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर येते, मग ७ सेकंद जाते आणि प्रत्येक वेळी एकच गोळी सोडायची असते, तिथे मात्र गोळ्या वारंवार डावीकडे आणि खाली जात. रॅपिडच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, प्रिसिजनच्या ५० मिलिमीटरच्या दुप्पट असते. तरीही तिचे गुण तिथेच गळत होते.

घरच्यांचा निष्कर्ष सरळ होता: पिस्तूल उसने आहे, स्वतःचे चांगले घ्यावे. तिचे मामा, जे तिच्या खेळाचा बराचसा खर्च पूर्वीपासून उचलत आले आहेत, म्हणाले, “सर, ऑलिंपिकला जे वापरतात तेच हिला घेऊ. पैशांचा विचार तुम्ही करू नका.” त्यांच्या औदार्याबद्दल मला मनापासून आदर आहे, परंतु पैशांचा विचार नसला तरी हाताचा विचार करावाच लागणार होता, आणि तो आम्ही कसा केला हेच इथे नोंदवायचे आहे.

हाताची आणि नियमांची चौकट

या प्रकारात .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरले जाते. पिस्तूल १४०० ग्रॅमपेक्षा जड नसावे, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा, आणि अख्खे पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे. मुठीने मनगटाला कोणताही आधार देता कामा नये. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो. म्हणजे चार वर्षे ज्या बोटाला एका वजनाची सवय लागली, त्याला आता दुप्पट वजन दाबायचे होते.

अर्धस्वयंचलित पिस्तूलच का, हा प्रश्न मामांनी विचारला होता आणि तो रास्त होता, कारण रॅपिडमध्ये दोन गोळ्यांच्या मधे ७ सेकंद असतात आणि तेवढ्या वेळात हाताने घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) चढवणे अशक्य नाही. अडचण वेळेची नसून पकडीची आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण रिकामे कवच बाहेर फेकणे, घोडा चढवणे आणि पुढचे काडतूस नळीत सरकवणे ही कामे यंत्रणा स्वतः करते. त्यामुळे पहिल्या गोळीच्या आधी मूठ हातात जशी बसवली, तशीच ती पाचव्या गोळीपर्यंत राहू शकते. हाताने घोडा चढवायचा झाल्यास दर गोळीला पकड थोडी बदलते, आणि २५ मीटरवर मनगटाचा अगदी बारीक बदलही लक्ष्यावर कित्येक सेंटीमीटर होऊन दिसतो.

.२२ च्या बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) एकमेकांत अडकवलेले नसतात. बोल्टचे वजन आणि त्यामागची स्प्रिंग एवढाच अडसर असतो. काडतुसाचा दाब कवचाला मागे ढकलतो आणि कवच बोल्टला ढकलते. रचना साधी आणि अचूकतेला पोषक आहे, पण त्यामुळेच काडतुसाची ताकद, स्प्रिंगचा ताण आणि बोल्टचे वजन यांचा मेळ बसावा लागतो. एका पिस्तुलात मुकाट चालणारे काडतूस दुसऱ्यात का अडकते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

आता हात. मनगटाच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिचा हात १६.५ सेंटीमीटर भरला. उसन्या पिस्तुलाची मूठ मध्यम आकाराची होती. ती पकडल्यावर तिच्या तर्जनीचे केवळ टोक ट्रिगरला लागत होते, बोटाचे पेर नव्हे. प्रिसिजनमध्ये ती सावकाश, सांभाळून दाबत असल्याने हे झाकले जाई. तीन सेकंदांत मात्र उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे बोट टोकाने ट्रिगर दाबताना त्याला सरळ मागे न ओढता डावीकडे ढकलते. गोळ्या डावीकडे का जात होत्या, हे मला इथे कळले; आणि ते तीन महिने आधी कळायला हवे होते, कारण मी तोवर तिला केवळ ‘झटका देऊ नकोस’ एवढेच सांगत राहिलो होतो.

तीन पिस्तुले

आमच्यासमोर तीन पर्याय होते. ज्यांच्या परवान्यावर ती पिस्तुले होती, त्यांच्या उपस्थितीत आणि रेंजवरच त्यांची चाचणी झाली. परवानाधारक बाजूला नसताना दुसऱ्याचे शस्त्र हाताळणे कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. चाचणीतील पिस्तुलांची नावे मी देत नाही, कारण प्रत्येकी एकाच नगाच्या अनुभवावरून एखाद्या बनावटीविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

पहिले पिस्तूल जुन्या धाटणीचे होते. महूमध्ये नोकरी झालेल्या एका निवृत्त सुभेदारांनी ते जिवापाड सांभाळले होते. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटने देशाला २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील रौप्यविजेता विजय कुमार दिला, आणि त्या परिसरातील जुन्या नेमबाजांकडे शस्त्राची निगा पाहावी ती अशी. या पिस्तुलात मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरायची पेटी, मुठीच्या आत होते. स्वित्झर्लंडची हॅमरली २०८ ही अशा रचनेतील नावाजलेली बनावट. तिचा समतोल आजही अनेकांना सर्वांत सुखद वाटतो, कारण वजन तळहाताच्या जवळ राहते. पण मॅगझिन मुठीत असले की मुठीचा घेर एका मर्यादेखाली जाऊच शकत नाही. लाकूड कितीही तासले तरी आतली पोलादी चौकट आणि मॅगझिन तसेच राहते.

दुसरे आणि तिसरे पिस्तूल आजच्या धाटणीचे, म्हणजे मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असलेले होते. जर्मनीची वॉल्थर जीएसपी आणि इटलीची पार्डिनी एसपी या बनावटींनी ही रचना जगभर रूढ केली. मॅगझिन पुढे गेल्याने मूठ मोकळी होते: तिचा घेर, तिचा कल, तळहाताखालची फळी हे सर्व हाताच्या मापाने घडवता येते. हात नळीच्या रेषेच्या अगदी जवळ चढवता येतो, त्यामुळे गोळी सुटल्यावर नळी वर उसळण्याऐवजी धक्का बराचसा सरळ मागे येतो. याची किंमत अशी की वजन पुढे सरकते. प्रिसिजनला ते उपकारक ठरते, कारण पुढे जड असलेले पिस्तूल कमी थरथरते. रॅपिडला तेच वजन ४५ अंशांवरून हात उचलताना खांद्यावर येते आणि वर पोहोचल्यावर थांबवणे कठीण जाते.

मामांचा कल दुसऱ्या पिस्तुलाकडे होता. ते नवे होते, तिसऱ्याहून लक्षणीय महाग होते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या छायाचित्रांत त्यांनी ते पाहिले होते. त्याची मूठ मध्यम आकाराची होती. तिसरे चार-पाच वर्षे वापरलेले होते, पण त्याची मूठ लहान आकाराची होती आणि ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवता तसेच थोडी तिरपी करता येत होती. दुकानात या शेवटच्या सोयीकडे कोणी पाहतही नाही. आमच्या प्रकरणात मात्र निकाल बहुतांशी तिनेच लावला.

चाचण्या

पहिल्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. तिन्ही पिस्तुले पहिले, दुसरे, तिसरे अशाच क्रमाने चालवून घेतली. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा तिचा खांदा दमलेला होता आणि त्या दिवशीचे आकडे पाहता तिसरे सर्वांत वाईट ठरत होते. रात्री परतताना देवासच्या आसपास तिनेच गाडीत विचारले, “सर, तिसरं मी शेवटी धरलं म्हणून तर असं झालं नाही ना?” पुढच्या दोन शनिवारी क्रम बदलून सर्व चाचणी पुन्हा केली आणि पहिल्या दिवसाची वही बाजूला ठेवली.

पहिली चाचणी रिकाम्या पिस्तुलाची होती. हात ४५ अंशांवर खाली, डोळे मिटलेले. मग डोळे मिटूनच हात वर आणायचा आणि थांबल्यावर डोळे उघडून पुढची साइट मागच्या खाचेत कुठे आली आहे ते पाहायचे. रॅपिडमध्ये साइट जुळवायला वेळ नसतो, त्या जुळलेल्याच वर याव्या लागतात. म्हणून माझ्या मते या प्रकारासाठी पिस्तुलाची याहून खरी परीक्षा नाही. पहिल्या पिस्तुलात पुढची साइट दर वेळी खाचेच्या उजवीकडे आणि वर दिसे. दुसऱ्यात ती उंचीला बरोबर पण बाजूला सरकलेली असे, आणि हे सरकणे प्रत्येक वेळी वेगळे होते, जे अधिक वाईट. सरकणे कायम सारखे असेल तर मूठ तासून ते घालवता येते. तिसऱ्यात दहापैकी सहा वेळा साइट खाचेत होती आणि उरलेल्या चारही वेळा एकाच बाजूला थोडी ढळलेली होती.

दुसरी चाचणी वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे गट घेण्याची होती. यात दुसरे पिस्तूल निर्विवाद सरस ठरले. मामा त्या दिवशी सोबत होते आणि कागद हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला उत्तर देणे भाग होते. उत्तर असे की तिन्ही पिस्तुलांचे गट ५० मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात आरामात मावत होते. पिशवीवर टेकवलेले पिस्तूल यंत्राची अचूकता सांगते. ती तिन्हींत पुरेशी होती, आणि पुरेशा अचूकतेच्या पुढची अचूकता या खेळाडूचा एकही गुण आज वाढवणार नव्हती. उद्या ती राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर पोहोचली तर हा हिशेब वेगळा मांडावा लागेल, हेही मी त्यांना सांगितले.

तिसरी चाचणी प्रत्यक्ष रॅपिडची, प्रत्येक पिस्तुलावर ३० गोळ्यांची. तिसऱ्या पिस्तुलाची ट्रिगर पट्टी पूर्ण मागे घेतल्यावर तिच्या तर्जनीचे पहिले पेर नेमके पट्टीच्या मधोमध बसले आणि डावीकडे जाणाऱ्या गोळ्या त्याच दिवशी निम्म्याहून कमी झाल्या. दुसऱ्या पिस्तुलावर तिने जास्त दहा मारले, पण सहा आणि सातही जास्त मारले. स्पर्धेत बेरीज धरली जाते.

ट्रिगरविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. तिला तो शक्य तितका हलका हवा होता. शस्त्रतपासणीत नळी सरळ वर धरून ट्रिगरने १००० ग्रॅमचे वजन उचलून दाखवावे लागते, आणि नेमक्या १००० वर बसवलेला ट्रिगर झिजेमुळे किंवा तेल-धुळीमुळे एखाद्या सकाळी ते उचलत नाही. म्हणून आम्ही तो थोडा वर ठेवला. महत्त्वाचे हे की एकूण वजनाची वाटणी दोन टप्प्यांत करता येते. पहिल्या टप्प्यात बहुतेक वजन घेऊन दुसऱ्यासाठी थोडेच उरू दिले, तर हात वर येत असतानाच बोट पहिला टप्पा पार करते आणि साइट दिसताच उरलेले थोडे दाबायचे राहते. एअर पिस्तुलाच्या सवयीच्या बोटाला हा मार्ग मानवतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा पर्याय एका हितचिंतकांनी सुचवला होता. त्याचा दाब फार स्वच्छ असतो, परंतु दुरुस्तीसाठी जिथे आठवडेच्या आठवडे थांबावे लागते तिथे पहिल्या पिस्तुलात बॅटरी आणि सर्किट यांची भर घालू नये असे मला वाटले.

अडकण्याचा प्रश्न

तिसरे पिस्तूल घ्यायचे जवळजवळ ठरले असताना ते अडकू लागले. २०० गोळ्यांत ते नऊ वेळा थांबले, आणि प्रत्येक वेळी नवे काडतूस नळीच्या तोंडाशी तिरपे अडकलेले सापडले. ही गोष्ट किरकोळ नव्हती. नियमानुसार रॅपिडच्या टप्प्यात बिघाडाची सवलत एकदाच मिळते, तीही खेळाडूने पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून, मोकळा हात वर करून, यंत्रणेला स्पर्श न करता पंचांना बोलावले तरच. घाईत बोल्ट ओढला की सवलत गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड होऊन तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली, हे प्रत्येक नेमबाजाच्या घरात माहीत आहे.

पहिला संशय काडतुसांवर गेला. एली, एसके आणि सीसीआय अशा तीन बनावटींची साधारण वेगाची काडतुसे आम्ही आलटून-पालटून वापरली, पण अडकणे कोणा एका बनावटीशी जुळेना. दुसरा संशय स्प्रिंगवर होता. तेव्हा तिने आपल्या आजीच्या शिवणाच्या डब्यासारखा एक डबा उघडून नखांना लावायचा लाल रंग काढला आणि दोनपैकी एका मॅगझिनच्या तळाला ठिपका दिला. पुढच्या १०० गोळ्यांत पिस्तूल पाच वेळा अडकले आणि पाचही वेळा लाल ठिपक्याचे मॅगझिन आत होते. भिंगाखाली पाहिले तेव्हा त्याच्या तोंडाची एक कड किंचित बाहेर वळलेली दिसली. बहुधा कधीतरी ते फरशीवर पडले असावे. .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, त्यामुळे मॅगझिनच्या तोंडाशी झालेला एवढासा बदलही त्याचे तोंड खाली झुकवायला पुरतो. कड पक्कडीने वळवून पाहण्याचा मोह आम्ही टाळला आणि विक्रेत्याने नवे मॅगझिन द्यावे ही अट घातली. दुसऱ्या मॅगझिनने पुढच्या ३०० गोळ्या एकदाही न अडकता चालवल्या.

या दोन आठवड्यांनी मला जे शिकवले ते असे: वापरलेले पिस्तूल तपासायचे झाल्यास प्रत्येक मॅगझिनला खूण करून त्यांची स्वतंत्र मोजदाद ठेवावी, आणि ती न ठेवता पिस्तूल नाकारूही नये, स्वीकारूही नये.

आजींचा प्रश्न

घरात बोलणे झाले तेव्हा आजींनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे ठेवायचं कुठे?” किंमत, बनावट, पदके यांविषयी आम्ही तासभर बोलत होतो, सर्वांत आधी ज्याचे उत्तर हवे तो प्रश्न त्यांनी विचारला. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा एक धोका घरातल्या प्रत्येकाला समजलाच पाहिजे: मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नव्हे, एक काडतूस नळीत शिल्लक असू शकते. म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे, मग नळीत डोळ्यांनी पाहणे, मग भडक रंगाची सुरक्षा-पट्टी नळीत घालणे. हा क्रम मी तिच्या आई-वडिलांना आणि आजींनाही रिकाम्या पिस्तुलावर दाखवला. पिस्तूल कुलपाच्या पेटीत आणि काडतुसे वेगळ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या तिच्याकडे, अशी व्यवस्था झाली. घरी कोरडा (काडतुसाविना) सराव करतानाही भिंतीकडे तोंड, खोलीत दुसरे कोणी नाही, आणि .२२ ची नळी खराब होऊ नये म्हणून पिस्तुलातील कोरड्या सरावाचीच सोय वापरायची.

परवान्याचे काम मोती तबेला येथील जिल्हाधिकारी कार्यालयातून झाले. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बाळगण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान खेळाडूंना प्रशिक्षणापुरती वेगळी तरतूद आहे. पोलीस पडताळणीस वेळ लागला, आणि तो लागणारच हे धरून आम्ही अर्ज चाचण्यांच्या आधीच केला होता. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ५ वर्षे आहे. वापरलेले शस्त्र घेताना त्यावरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, एवढी एक सूचना इतरांसाठी नोंदवतो.

सध्याची स्थिती

तिसरे पिस्तूल घेतले. मामांनी प्रथम थोडी नाराजी दाखवली, पण वाचलेल्या पैशांतून वर्षभराच्या काडतुसांची आणि भोपाळच्या फेऱ्यांची सोय होते हे वहीत मांडून दाखवल्यावर त्यांनीच खरेदीच्या दिवशी सुट्टी काढली. त्यानंतर तीन रविवार मुठीवर गेले. अंगठ्याखालचा उंचवटा कानशीने थोडा उतरवला, तळहाताच्या पोकळीत लाकडी लांबी (पुट्टी) भरली आणि प्रत्येक बदलानंतर डोळे मिटून हात वर आणण्याची चाचणी पुन्हा घेतली. आता दहापैकी आठ-नऊ वेळा साइट खाचेत येते. मागची खाच एक घर रुंद केली आहे, कारण तीन सेकंदांत पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाश ठळक दिसावा लागतो.

रॅपिडमध्ये डावीकडे जाणाऱ्या गोळ्या थांबल्या आहेत. खाली जाणाऱ्या अजून थांबलेल्या नाहीत. त्या चौथ्या आणि पाचव्या गोळीलाच येतात, तेव्हा प्रश्न आता खांद्याच्या ताकदीचा दिसतो. त्यासाठी गेल्या सोमवारपासून तिने सकाळी अर्धा तास डंबेल घेऊन हात ४५ अंशांवरून वर आणण्याचा व्यायाम सुरू केला आहे, आणि लाल ठिपक्याचे मॅगझिन परत गेल्यावर आलेल्या नव्या मॅगझिनला तिने हिरवा ठिपका लावून त्याची मोजदाद वहीच्या नव्या पानावर सुरू केली आहे.